मिशीआडचं नाव

धरमपुरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत विनोदिनीशी भांडून जिंकलेला माणूस अजून कुणी पाहिला नाही. तिच्याकडे एक हत्यारच असं होतं, की त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. आपलं म्हणणं पाटीवर लिहून झालं, की ती सरळ पाठ फिरवायची. जन्मापासून ठार बहिरी. मग समोरच्याने त्या पाठीशी हवं तेवढं ओरडावं. गल्लीतली कुत्री दचकून उठायची आणि ही आपली शांतपणे कापडाच्या घड्या घालायची.

साठीला आलेली बाई. काम पगड्या बांधायचं. लग्नाचा मोसम आला की धार, मनावर, कुक्षी, पार इंदूरपर्यंत तिच्या पगड्या जायच्या. लाकडाचं डोकं मांडीशी घेऊन त्यावर बांधायची, आतून टाके घालून पक्की करायची आणि डब्यात भरून पाठवायची. एकदा मनावरचा एक वरबाप एकवीस पगड्या न्यायला आला. त्यातली एक उचलून चिमटीत धरून हलवली आणि म्हणाला, "बाई, ये तो ढीली है." ओठ वाचण्यात विनोदिनी पक्की होती, मराठी असोत, हिंदी असोत, निमाडी असोत. तिने ती पगडी त्याच्या हातून काढून घेतली, दाताने टाका तोडला, एक झटका दिला, आणि नऊ मीटर कापड अंगणभर! त्याचं एक टोक वरबापाच्या मुठीत देऊन तिने पाटीवर लिहिलं, 'आता आपण बांधावी.' त्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळलं. दीड तास अंगणात बसून होता बिचारा. शेवटी फोन करून बायकोला बोलावलं, तिने येऊन कान धरले, तेव्हा कुठे वरातीला एकविसावी पगडी मिळाली.

तिची लिहिण्याची भाषाही मजेशीर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मामांनी शिकवलं. मामा गणोजी धारच्या दरबारात दसऱ्याच्या पगड्या बांधायचे. त्यांच्या ट्रंकेत बापजाद्यांच्या पत्रांचा एक गठ्ठा होता, त्यावर बोट ठेवून ठेवून त्यांनी भाचीला अक्षरं ओळखायला लावली. त्यामुळे ती वाण्याला चिठ्ठी पाठवायची तीसुद्धा अशी: 'तूरडाळ अर्धा किलो पाठवावी. खडे नसावेत. कळावे.' वाणी मारवाडी. तो ती चिठ्ठी गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचा, पण डाळ मात्र निवडून द्यायचा.

मामांकडे ती आली ती बाराव्या वर्षी, आणि तिला आणलं म्हणण्यापेक्षा ठेवून दिलं म्हणावं. थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, देवासहून बघायला येणार होते. घरात एक बहिरी पोर दिसली तर स्थळ परत जाईल, म्हणून आठ दिवसांसाठी विनोदिनीची रवानगी धरमपुरीला झाली. अक्काचं जमलं, लग्न झालं, आणि ते आठ दिवस काही संपले नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. पुढे कधी कुणी विचारलंच, तर सांगायला एक गोष्ट तयार करून ठेवली होती: लांबची आहे, लहानपणी तापात कान गेले. मधला भाऊ तुकोजीराव. तोही पुढे देवासच्या कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. अक्काच्या मुलाला, नीलेशला, तुकोजीरावांची मुलगी रुचा दिली. मामाची मुलगी करायची आमच्याकडची जुनी हौस. सगळे म्हणाले, घरातलं सोनं घरात राहिलं.

त्या लग्नाचं आमंत्रण विनोदिनीला नव्हतं, पण लग्न तिला कळलं होतं. इंदूरच्या दुकानदाराने एकतीस पगड्यांची मापं पाठवली, त्यात एक माप होतं साडेचोवीस इंच. एवढं डोकं त्या मुलखात एकाचंच. तिने तीस पगड्या मन लावून बांधल्या. एकतिसावीही बांधली, फक्त तिच्या आतल्या घडीत एक सराटा शिवून टाकला. वधूपिता लग्नभर डोकं खाजवत होता.

नातेवाइकांसाठी तिच्या हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या. नाक वर करून नथ दाखवली की अक्का. वरच्या ओठावर दोन बोटं ठेवून बाजूला ओढली की तुकोजीराव. ती घरातून निघाली तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. पुढे जेव्हा जेव्हा दिसला, तेव्हा ती झुडुपासारखी मिशीच दिसली. खालचा ओठ अर्धा, वरचा मुळीच नाही. तो बोलायचा ते तिला कधीच वाचता आलं नाही, आणि त्यानेही कधी पाटी मागून घेतली नाही.

तर अशा ह्या विनोदिनीच्या दारात यंदा नवरात्राच्या दुसऱ्या माळेला तिघं येऊन उभी राहिली. अक्का, तुकोजीराव, आणि कडेवर मुलगी घेतलेली रुचा. नीलेश गाडीपाशी खालीच थांबला होता. अंगणात चटई अंथरलेली होती, ती विनोदिनीने त्यांच्यादेखत गुंडाळून भिंतीला उभी केली.

"बसा म्हणायची पद्धत राहिली नाही वाटतं इथे," अक्का म्हणाली. अक्काचे ओठ पातळ, छापल्यासारखे वाचता यायचे.

'बसणारी माणसे आधी कळवून येतात,' विनोदिनीने लिहिलं.

तुकोजीराव काहीतरी बोलले. मिशी हलली. विनोदिनीने दोन बोटं ओठावर ठेवून ती बाजूला ओढली आणि खांदे उडवले.

रुचाने मुलीला खाली ठेवलं. चिऊ तिचं नाव, सव्वादोन वर्षांची. ती तडक लाकडी डोक्याकडे गेली आणि त्याला चापट्या मारू लागली. एवढ्यात गल्लीत वाळूचा टेम्पो घुसला आणि ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून धरला असणार, कारण अक्काने कानांवर हात ठेवले, तुकोजीराव दाराकडे वळले, रुचा दचकली. अंगणात दोनच माणसं दचकली नाहीत. विनोदिनीने त्या दुसऱ्या माणसाकडे नीट पाहिलं. चिऊ आपली डोकं बडवण्यात दंग होती.

विनोदिनीने बोटाने आधी चिऊचा कान दाखवला, मग आपला.

रुचा पुढे आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली, उजेडाकडे तोंड करून. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. "हो, आत्या. जन्मापासून. पण आम्हाला दीड वर्ष पताच नाही चालला."

आणि तिने सांगितलं ते असं. चिऊ झाली तेव्हा दवाखान्यात कानाची मशीन लावली होती. हरभऱ्याएवढ्या टोकाची नळी कानात घालतात, मशीन टिक टिक करते, कान आतून उत्तर देतो. चिठ्ठीवर छापून आलं, पास. अक्काने त्या चिठ्ठीवर पेढे वाटले. पोर हाकेला वळेना, तर म्हणायचे, हट्टी आहे, आजोबांवर गेलीय. दीड वर्षाने इंदूरच्या डॉक्टरांनी दुसरी तपासणी केली, डोक्याला तारा लावून, तेव्हा कळलं की कान ठीक आहे, आवाज आत घेतोही, पण तिथून मेंदूकडे निरोप जायला एक प्रथिन लागतं, ते हिच्या कानात बनतच नाही. ते बनवायची कृती लिहिलेली असते त्या जनुकातच बिघाड. पहिली मशीन फक्त दारापर्यंत बघते, म्हणून पास.

"यंत्र बसवता येतं, ऑपरेशन करून, ते तर आहेच," रुचा सांगत होती, "पण आता नवीन निकला है. त्या जनुकाची चांगली कॉपी कानात सोडतात. विषाणूच्या आत भरून. विषाणू रिकामा केलेला असतो, आजार नाही करत. बाहेरदेशी पोरं ऐकायला लागलीत, आत्या. सगळी नाही, पण लागलीत. एका ठिकाणी चाचणीसाठी मुलं घेतायत."

विनोदिनीने भुवया वर केल्या. म्हणजे पुढे बोल.

"फक्त ते जनुक इतकं लांब आहे की एका विषाणूत मावत नाही. म्हणून दोन तुकडे करतात. अर्धा एकात, अर्धा दुसऱ्यात. आत पोचल्यावर दोन्ही जुळतात."

हे मात्र विनोदिनीला आवडलं. तिने शेजारची अर्धी बांधलेली पगडी उचलली, आतली घडी उलटून जोड दाखवला. नऊ मीटर कापड सलग कुठे मिळतं आजकाल? दोन तुकडेच असतात. जोड आतल्या घडीत असा घ्यायचा की बघणाऱ्याला सलग वाटलं पाहिजे. मग तिने तो जोड नखाने जरा ओढला आणि लिहिलं, 'उसवला तर?'

रुचाने अक्षरं लावली. हिंदी शाळेत शिकलेली पोर, मराठी बोलते फर्डी, पण वाचायला बसली की बैलगाडी. "उ-स-व... हां. माहीत नाही, आत्या. डॉक्टर म्हणे अजून कुणालाच माहीत नाही. थोड्याच वर्षांचं आहे सगळं."

खरं उत्तर ऐकून विनोदिनीने मान हलवली. मग पाटी पुसली. 'मजकडे काय काम?'

रुचाने बापाकडे पाहिलं. तुकोजीरावांनी काखेतली गुंडाळी पुढे केली. तिचा आणि विनोदिनीचा परिचय नव्हता, पण ती काय आहे हे दुरूनही कळत होतं. घराण्याची वंशावळ, अकरा पिढ्यांची, प्लास्टिक चढवून आणलेली. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की घरचा कर्ता पुरुष ती मोठ्याने वाचतो.

"चिऊच्या जनुकात जो बदल आहे ना," रुचा म्हणाली, "तो त्यांच्या यादीतच नाही. आजपर्यंत कुणात दिसलेला नाही. म्हणून ते म्हणतात, बहिरेपणा ह्याच्यामुळेच आहे कशावरून? पुरावा पाहिजे. घरात दुसरं कुणी जन्मापासून बहिरं असेल, आणि त्याच्या रक्तात हाच बदल दोन्हीकडून निघाला, तर मानतील. फॉर्ममध्ये मी 'नाही' असं लिहिलं. बाबांनी ही काढून दिली, म्हणाले अकरा पिढ्यांत एकही नाही. आणि तुमचं मला वाटलं की..."

विनोदिनीने कपाळावर हाताचा मागचा भाग टेकवला. ताप?

"हो."

'मला ताप केव्हा आला?' तिने लिहिलं आणि पाटी रुचापुढे नाही, अक्कापुढे धरली. अक्का जमिनीकडे बघू लागली. विनोदिनीने पाटी जमिनीजवळ नेली. मग तीच ओळ पुसून दुसरी लिहिली. 'तुमच्या लग्नाआधी आठ दिवस आला काय?'

"जुनं उकरून काय मिळणार आहे तुला?" अक्का भडकली. "पोरीचं बघ! नोव्हेंबरात यादी बंद होतेय त्यांची. दोन चमचे रक्त द्यायचंय, राज्य नाही मागत."

'खोटे तुम्ही बोललात. आता तेच खोटे फॉर्मावर लिहून बसलात. रक्त मी का द्यावे?'

तुकोजीरावांची मिशी पुन्हा जोरात हलली. विनोदिनीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. तिला आठवत होतं ते वेगळंच. हा चौदा वर्षांचा, ती नऊ वर्षांची. मित्रांना घेऊन यायचा, तिच्या मागे उभा राहून तांब्या बडवायचा. पोरांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर पोट धरून हसताना दिसायच्या. तिसऱ्या दिवशी तिने वळून न बघता हातातला भोवरा मागे फेकला होता. नेम बरोबर बसला होता, रक्त आलं होतं, आणि मार तिने खाल्ला होता.

तिने पाटी नीट पुसली, ओल्या फडक्याने, आणि सावकाश लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर रुचाच्या हातात दिली. रुचा वाचू लागली, "दस-ऱ्या-स..." अक्काने ती तिच्या हातून ओढून घेतली.

'दसऱ्यास वंशावळ वाचाल तेव्हा माझे नाव वाचावे. जन्मापासून बहिरी, असेही वाचावे. सर्वांसमोर व माझ्याकडे तोंड करून वाचावे. त्याआधी मिशी काढावी. मग सुई टोचून घेईन. कळावे.'

"मिशी?" अक्काने पाटी परत तिच्या हातात कोंबली. "अगं, बाबा गेले तेव्हा काढली होती, तेवढीच. माणसं धडधाकट असताना मिशी काढायला लावतेस? आणि सगळ्यांसमोर? हे असतील, माझ्या सासरची माणसं असतील!"

'बाबा गेले तेव्हा मला बोलावले नव्हते. म्हणून बघायची राहिली.'

आणि ह्यावर तिने पाठ फिरवली. पाठीमागे बराच वेळ काहीतरी चाललं असावं. लाकडी डोक्यावर सावल्या हलत होत्या. मग सावल्या गेल्या, पण एक राहिली. रुचा समोर आली, खडू उचलला आणि पाटीवर हिंदीत लिहिलं, 'झगड़ा आपका है, बच्ची का नहीं.' खडू मोडला इतका दाबून लिहिलं.

विनोदिनीने मोडक्या तुकड्याने खाली लिहिलं, 'मग बापास सांग.'

तिने केलं ते बरं नव्हतं, आणि ते तिला ठाऊकही होतं. पोरीचा काय दोष? त्या आठवड्यात तिने सात पगड्या बांधून पुन्हा उसवल्या. एक मात्र सरळ बांधली, केशरी, साडेचोवीस इंची. सराट्याचं बोंड उचलून बराच वेळ चिमटीत धरलं होतं, मग ठेवून दिलं.

दसऱ्याला ती तीन बस बदलून देवासला पोचली. देवीच्या टेकडीवर जाणाऱ्यांची ही गर्दी, रिक्षा मिळेना, शेवटी चालत गेली. तुकोजीरावांच्या घरी चाळीसेक माणसं होती. पाटावर दोन तलवारी, एक कट्यार, शेजारी तुकोजीरावांचा कारखान्यातला पान्ह्यांचा संच आणि नीलेशचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू. विनोदिनीने कुणाला न विचारता आपली कात्री आणि सुयांची डबी तलवारींच्या मध्ये ठेवली. अक्काने बघितलं आणि नाक वर केलं. अगदी खुणेतल्यासारखं.

समोरच्या खुर्चीत अक्काचे यजमान बापूसाहेब बसले होते, चौऱ्याहत्तरीचे, चष्मा शोधत. त्यांना ही बाई कोण, हे ठाऊक नव्हतं. पगडीवाली आहे, एवढं कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी जरा हात वर केला.

आणि मग तुकोजीराव बाहेर आले. मिशी जागच्या जागी. तेल लावून पीळ दिलेली.

विनोदिनीने रुचाकडे पाहिलं. रुचा चिऊचा भात हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होती. "नाव वाचणार आहेत, आत्या," ती म्हणाली. "शब्द दिलाय त्यांनी. मिशीचं जाऊ दे ना, प्लीज." आणि चिऊ पळाली म्हणून तिच्यामागे आत गेली.

तुकोजीराव बरोबर विनोदिनीकडे तोंड करून उभे राहिले. गुंडाळी उघडली. मिशी हलायला लागली. वर, खाली, वर, खाली. अकरा पिढ्या म्हणजे काही थोड्या नव्हेत. पहिल्या दोन पिढ्या विनोदिनीने मिशीकडे बघितलं. मग ते सोडून दिलं आणि माणसांकडे बघायला लागली. बहिऱ्या माणसाला खोली वाचता येते, हे तिच्या भावाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. एक काकू ताटं मोजत होत्या. दोन पोरी मोबाइल बघत होत्या. बापूसाहेबांना चष्मा सापडला होता, ते पुसत होते. गुंडाळीचं टोक जवळ आलं. तुकोजीरावांचे डोळे शेवटच्या ओळीवर गेले, मिशी दोनदा हलली, थांबली. त्यांनी गुंडाळी मिटली आणि बहिणीकडे बघून मान डोलावली. झालं.

कुणीही तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. काकूंचं ताटं मोजणं चालूच होतं.

विनोदिनी उठली. तलवारींमधून आपली कात्री उचलली, डबी उचलली, बोचकं काखेत मारलं आणि दाराकडे चालू लागली. रुचा धावत बाहेर आली, भाताचा हात तसाच. "काय झालं? वाचलं ना त्यांनी? मी आत होते, आत्या, थांबा तो सही!"

पाटीवर तीनच शब्द. 'माना वळल्या नाहीत.'

ह्यावेळी रुचाला अक्षरं लावावी लागली नाहीत. ती बापाकडे वळली. आता तिची पाठ विनोदिनीकडे, त्यामुळे ती काय बोलली हे विनोदिनीला काही दिसलं नाही. पण पोरींनी मोबाइल खाली ठेवले, काकूंच्या हातातली ताटं हातातच राहिली, बापूसाहेबांनी पुसायचा चष्मा डोळ्यांवर चढवला. आता वळल्या सगळ्या माना. रुचाकडे. रुचाचा भाताचा हात हवेत वर-खाली होत होता आणि तिची वेणी पाठीवर आपटत होती. तुकोजीरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. अक्का मध्ये पडायला गेली, तिला नीलेशने खांद्याला धरून बसवलं.

तुकोजीराव आत गेले. न्हाणीघराचं दार लागलं. अक्का उठून गेली आणि दार बडवू लागली. विनोदिनी उंबऱ्यातच उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. बोचकं खाली ठेवलं नाही. चिऊ येऊन तिच्या बोचक्याला लोंबकळली, तरी नाही ठेवलं.

बाहेर आला तो माणूस कुणी ओळखला नसता. सगळा चेहरा उन्हाने रापलेला आणि नाकाखाली पांढरी पट्टी, तांदळाच्या पिठाची बोटं ओढल्यासारखी. तोंड एवढंसं. आणि वरच्या ओठावर, जरा डावीकडे, गव्हाच्या दाण्याएवढा एक वण. विनोदिनीने तो लगेच ओळखला. ती मिशी इतकी वर्षं काय झाकत होती, ते तिला आज कळलं.

त्यांनी गुंडाळी उघडली. ह्यावेळी वरून नाही, थेट शेवटून. प्लास्टिकवरच पेनाने लिहिलेली ओळ होती तिथे. म्हणजे लिहिलेली होती, वाचली नव्हती. 'वि'ला दात खालच्या ओठावर टेकले. 'नो'ला ओठ गोल झाले. तिने ते पुरं होईपर्यंत पापणी लववली नाही.

"तिसरं अपत्य, विनोदिनी," तुकोजीरावांचे ओठ म्हणाले. "जन्मापासून बहिरी." मग त्यांनी कागदावरून डोळे काढले आणि कागदात नसलेलं बोलले. "ताप-बीप काही नव्हता."

आणि चाळीस माना वळल्या! एखादं शेत वाऱ्याने एका बाजूला झुकावं तशा. एकच मान तिच्याकडे वळली नाही. बापूसाहेबांची. ती अक्काकडे वळली होती.

"अठ्ठेचाळीस वर्षं," बापूसाहेब म्हणाले. अक्काने पदर तोंडाला लावला. बापूसाहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पानं घ्या आता. उशीर झालाय." पुढे कोजागिरीपर्यंत ते अक्काशी एक शब्द बोलले नाहीत, असं रुचा सांगत होती.

विनोदिनी आत आली. गळ्यात पडली नाही, रडली नाही. भावासमोर उभी राहिली आणि अंगठ्याने तो वण दाबून पाहिला. पक्का होता. आणि मग ती हसली. तिचं हसणं तिला ऐकू येत नाही म्हणून बरं. बैठकीतली दोन लहान पोरं रडायला लागली म्हणे. चिऊ मात्र तिच्या तोंडाकडे बघून खिदळली. तुकोजीरावांनी तिला हसू दिलं. मग विनोदिनीने बोचक्यातून केशरी पगडी काढून पुढे केली. तुकोजीरावांनी ती डोक्यावर चढवण्याआधी आतून बोट फिरवून पाहिलं. सगळ्या घड्यांमधून. दोनदा.

म्हणजे त्याला माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी इंदूरला तिने रक्त दिलं. शीर सापडेना म्हणून सुई टोचणाऱ्या पोराकडे तिने असं काही बघितलं, की त्याने सिस्टरला बोलावलं. तीन आठवड्यांनी कागद आला. तोच बदल, आईकडूनही आणि बापाकडूनही, चिऊच्या रक्तात होता तसाच. डॉक्टर म्हणाले, एवढा पुरावा पुरे. यादी बंद व्हायला नऊ दिवस होते, तेव्हा चिऊचं नाव तिच्यात लागलं. एकच कान करणार. ऐकू येईल की नाही, आलं तर किती, किती वर्षं, कुणी सांगायला तयार नाही. रुचाने हे सगळं व्हिडिओ कॉलवर उजेडाकडे तोंड करून सांगितलं, आणि मागे सोफ्यावर तुकोजीराव बसलेले दिसत होते. विनोदिनीने मान पुढे करून पडद्यात निरखून पाहिलं. फोन ठेवला आणि पोस्टकार्ड घेतलं.

'चि. तुकोजीराव यांस अनेक आशीर्वाद.' भाऊ पाच वर्षांनी थोरला, पण आशीर्वादच लिहिले. 'मुलीस घेऊन जाण्याचे ठरले ते समजले. कान आले तर उत्तमच. न आले तर मुलगी मजकडे पाठवावी, पगडी व भांडण दोन्ही शिकवीन. रुचाने वाचावयास शिकावे. जोड उसवतो काय, हे डॉक्टरांस पुन्हा विचारावे. अक्कांस नमस्कार सांगू नये. आज फोनात तुमच्या ओठावर आठ दिवसांचे खुंट दिसले. मिशी वाढवू नये. कळावे.'